पूर्णेत सोडलेले देव

आमच्या घरात देव नाहीत. माझ्या जन्माआधीच ते पूर्णेच्या पात्रात गेले. देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांचा कोटातला फोटो आणि बुद्धाची तसबीर, हे मी कळायला लागल्यापासून पाहत आलो आहे. देवळाच्या पायरीशी रेंगाळायचं नाही, नवस बोलायचा नाही, कुणाच्या अंगात आलं तर त्या घोळक्यात उभं राहायचं नाही, हे आम्हा पोरांकडून कुणी पाठ करून घेतलं नाही. ते घरात होतंच. आणि घरात आणखी एक गोष्ट होती, ती कळायला मात्र माझं निम्मं वय गेलं. माझ्या आजीला फार काही येत होतं, आणि त्यातलं बरंचसं ती कुणालाच सांगत नव्हती.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. काळी जमीन, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. गोड्या पाण्याची विहीर एखादीच, आणि तिच्या काठावर आमच्या माणसांना पाय ठेवायची मनाई. वस्ती गावाबाहेर. वस्तीच्या कडेला निंबाखाली मरीमाय, म्हणजे शेंदूर फासलेले तीन-चार दगड. बांधावर म्हसोबा. नदीच्या डोहात आसरा. घरात देव्हाऱ्यावर खंडोबाचा टाक. आजीचं दैवत म्हणजे एवढंच. राम-कृष्ण, गणपती तिनं लांबून पाहिलेले, तेही पालखी रस्त्यानं जाताना बाजूला उभं राहून. देवळात शिरायची सोयच नव्हती.

मरीमायचं मात्र सगळं आमच्याकडे होतं. गावात पटकी आली की एरवी सावली चालत नसलेल्या वस्तीची गावाला आठवण व्हायची. रेडा नाहीतर बकरा कापायचा, रक्तात कालवलेला भात शिवेवर शिंपायचा, देवीला टोपलीत घालून डोक्यावर घ्यायची आणि वाजतगाजत पुढच्या गावाच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडायची. हे काम महाराचं. देवीपुढे म्हणायची गाणी वस्तीतल्या बायांची. माझ्या आजीच्या सासूला ती सगळी येत होती आणि तिच्याकडून ती आजीकडे आली, असं आजीच्या तोंडून एकदाच निघून गेलं होतं. मला या विधीचा विचार केला की अजून अंगावर शहारा येतो. अख्ख्या गावाचं मरण एका जातीच्या डोक्यावर ठेवायचं आणि तिला म्हणायचं, ने बाहेर. मेलेलं ढोर ओढणं, सांगावा घेऊन पळणं, दारोदार भाकर मागणं, त्याच ओळीतलं हे काम. देवी आणि वेठ एकाच गाठीत बांधलेली होती. एक सोडायची तर दुसरी सोडावी लागणार, हे बाबासाहेबांनी ओळखलं आणि आमच्या अडाणी आजीलाही ते पुरतं समजलं होतं.

वऱ्हाडानं आधी दुसरी वाटही चालून पाहिली होती. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या देवळात जाण्याचा होता. परिषद चालू असतानाच त्यांचे मोठे बंधू बाळाराम वारल्याची बातमी मुंबईहून आली, आणि तरी काम पुढे चाललं. पुढे 1935 मध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. अंबादेवी ते येवला हा आठ वर्षांचा प्रवास मला फार बोलका वाटतो. दार उघडा म्हणून उभी राहिलेली माणसं शेवटी त्या दाराकडे पाठ करून चालू लागली.

14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी. बनोसा स्टेशनवरून शकुंतला गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या रेल्वेनं नागपूर. आजीनं पायातले चांदीचे वाळे मोडून तिकिटाचे आणि पांढऱ्या लुगड्याचे पैसे उभे केले. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. गाडीत उभं राहायला जागा नव्हती, आणि तरी तिच्या आठवणीत गर्दीपेक्षा शांतता जास्त होती. कुशीनाऱ्याहून आलेल्या महास्थविर चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना दीक्षा दिली, मग बाबासाहेबांनी लाखो माणसांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची नावं आहेत. मरीमायचं नाव नाही. आसरेचं नाही, सटवाईचं नाही. ज्यांची नावं होती ते आजीचे कधीच नव्हते, आणि जे तिचे होते त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. ते तिनं स्वतः जोडून घेतलं. हिंदू देवदेवता मानणार नाही असं एकदा हात वर करून म्हटल्यावर निंबाखालचे दगडही त्यात आले, असा तिचा सरळ हिशेब होता.

परत आल्यावर वस्तीनं एक दिवस ठरवून देव बाहेर काढले. कुणी परडी, कुणी कवड्यांची माळ, कुणी टाक, कुणी पोतराजाचा आसूड. आजोबा वारकरी घरातले. चोखोबा हा आपल्याच वऱ्हाडातला, बुलढाण्याकडच्या मेहुणा राजाचा, असं सांगणारी परंपरा आमच्या घरात पक्की होती. आजोबांनी गळ्यातली तुळशीची माळ उतरवून त्याच टोपल्यात ठेवली. 1948 मध्ये अस्पृश्यांवरचं आपलं इंग्रजी पुस्तक बाबासाहेबांनी ज्या तीन संतांना अर्पण केलं त्यांत चोखोबा आहेत, हे आजोबांना कुणीतरी नंतर वाचून दाखवलं. त्या दिवशी ते उशिरापर्यंत ओट्यावर बसून होते, एवढं वडील सांगतात. टोपली पूर्णेवर नेली. आजीनं आपल्या हातानं टाक पाण्यात सोडला.

तो टाक मी पाहिलेला नाही. तसले टाक पाहिले ते अकोल्याला सराफ्यात. एका दुकानात मोडीत आलेल्या चांदीचा पत्र्याचा डबा होता, दुकानदारानं तो माझ्यापुढे ओतला. अंगठ्याच्या पेराएवढे पातळ पत्रे, मागून ठोकून पुढे उठवलेले. घोड्यावर बसलेला खंडोबा, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. चिंचेनं आणि राखेनं पिढ्यान्‌पिढ्या घासून खंडोबाचं नाक-डोळे पुसून गेलेले, घोड्याचा लगाम मात्र अजून बोटाला लागत होता. कडा आत वळवलेल्या, त्या वळणात जुनी हळद अडकलेली. काही टाकांवर घरच्या पूर्वजांच्या आकृती होत्या, नुसते दोन हात जोडलेले माणूस आणि बाई. वजनावर घेतात, आटवतात. सगळ्याच जातींच्या घरांतून येतात म्हणे, आता देव्हाऱ्यात फ्रेमचे देव आले. मी एक टाक बराच वेळ हातात धरून बसलो आणि परत डब्यात ठेवला. घेतला असता तर आजीला ते आवडलं नसतं.

इतिहास हा माझा रोजचा विषय आहे, आणि माणसं आपले देव कसे सोडतात हे वाचताना मी नेहमी इजिप्तपाशी थांबतो. तीन हजार वर्षांहून जुना धर्म चार-पाच शतकांत विझला आणि तिथली माणसं ख्रिस्ती झाली. अलेक्झांड्रियातलं सेरापिसचं प्रचंड देऊळ 391 च्या सुमारास फोडलं गेलं. थिओडोसियस बादशहाच्या फर्मानांनी देवपूजाच गुन्हा ठरली. अगदी दक्षिणेला, नाईलमधल्या फिली बेटावर इसिसचं देऊळ तेवढं चालू राहिलं, कारण सीमेपलीकडच्या ब्लेमी आणि नोबेद टोळ्यांना ती देवी हवी होती आणि रोमला त्यांच्याशी तह हवा होता. त्या देवळाच्या एका दारावर 24 ऑगस्ट 394 रोजी नेस्मेतेराखेम नावाच्या पुजाऱ्यानं मंदुलिस देवाची आकृती कोरली आणि शेजारी चित्रलिपीत काही ओळी लिहिल्या. हे सर्वकाळासाठी असो, असंही त्यात म्हटलं. तारीख घातलेला चित्रलिपीतला तो शेवटचा लेख. त्यानंतर ती लिपी कुणी लिहिली नाही. त्याच लिपीची घाईनं लिहायची बहीण, डेमोटिक, तिचा शेवटचा लेखही फिलीवरचाच, 452 सालचा. पुढे जस्टिनियन बादशहाच्या हुकमानं नार्सेस नावाचा सेनापती आला, पुजारी कैद झाले, मूर्ती कॉन्स्टंटिनोपलला गेल्या आणि देवळाचं चर्च झालं.

नेस्मेतेराखेमला आपण शेवटचे आहोत हे ठाऊक होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. बापानं शिकवलेली अक्षरं, बाप त्याच देवळातला. पोराला शिकवायची की नाही, यावर त्या घरात काय बोलणं झालं असेल? इतिहासाच्या पुस्तकात हे येत नाही. तिथे फर्मानं येतात, सेनापती येतात. देव जातो तेव्हा चुलीपाशी बसलेली बाई काय करते, हे कुणी लिहून ठेवत नाही.

इथे एक फरक ठासून सांगितला पाहिजे, नाहीतर ही तुलना आजीचा अपमान ठरेल. इजिप्तमध्ये धर्म बदलला त्यात श्रद्धा होती, गरिबांना मिळालेला आधार होता, वाळवंटात राहणारे तपस्वी होते, हे खरं. पण पाठीशी बादशहाची तलवारही होती. शेनुते नावाचा मठाधिपती पानोपोलिसजवळच्या मठातून माणसं घेऊन बाहेर पडायचा आणि गेसिओस नावाच्या श्रीमंताच्या घरात रात्री शिरून लपवलेल्या मूर्ती उचलून न्यायचा. आमच्या वस्तीत कुणी कुणाच्या घरात शिरलं नाही. कायदा आमच्या बाजूनं नव्हता. उलट दीक्षा घेतली म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्रीय यादीतून बौद्धांचं नाव गेलं ते 1990 मध्ये कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत परत आलं नाही. चौतीस वर्षं. म्हणजे माझ्या वडिलांचं सगळं शिक्षण आणि निम्मी नोकरी. देव सोडण्याची किंमत वस्तीनं स्वतःच्या खिशातून भरली, आणि तरी कुणी मागे फिरलं नाही.

आणि 1956 चा तो हिवाळा. दीक्षेला दोन महिने पुरे झाले नव्हते तोच 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबा गेले. गाडगेबाबा आमच्याच मुलखातले, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. ते परीट, आणि आयुष्यभर कीर्तनात विठ्ठलाचं नाव घेणारे. पण मरीमायपुढे बकरं कापू नका, दगडाला पोरगं मागू नका, पोराला शाळेत घाला, हे वऱ्हाडच्या गावोगाव त्यांच्याइतकं कुणी सांगितलं नाही. आजी दोघांचं दुःख एकाच वाक्यात सांगायची: ‘‘बाबासायब गेले अन् मांगून डेबूजीबी गेला, आमी पोरके झालो.’’ डेबूजी म्हणजे गाडगेबाबाच. नवा धर्म हातात आला आणि तो शिकवणारी माणसं निघून गेली. पाली कुणाला येत नव्हतं, भिक्खू तालुक्यात एकही नव्हता. लग्न कसं लावायचं, मयत झाल्यावर काय म्हणायचं, बारसं कसं करायचं, हे सगळं वस्तीला स्वतःच उभं करावं लागलं.

यात सगळ्यांत कठीण भाग बायांच्या वाट्याला आला. पुरुषांचे देव जत्रेतले, वर्षातून एकदाचे. बायांचे देव रोजचे, बाळंतिणीच्या खोलीतले. इजिप्तमध्येही तसंच दिसतं. तिथे बेस नावाचा एक बुटका, जीभ बाहेर काढलेला देव होता. त्याचं मोठं देऊळ कुणी फारसं बांधलं नाही, तो खाटेच्या पायावर, उशावर, बाळंतिणीच्या गळ्यात असायचा. अबिडोसला त्याचा कौल लावायला लोक लांबून चिठ्ठ्या पाठवत, ते प्रकरण 359 मध्ये बादशहापर्यंत गेलं, माणसांचे छळ झाले, कौल बंद पडला. तरी पुढे कितीतरी काळ त्या भागातले साधू बेस नावाच्या भुताला हाकलल्याच्या गोष्टी सांगत होते. मोठे देव हुकमानं जातात, बाळंतपणाचे देव इतक्या लवकर जात नाहीत.

आजी सुईण होती. वस्तीतली आणि पुढे पुढे गावातलीही कितीतरी माणसं तिच्या हातावर जन्मली. पाचवीला सटवाई पुजायची, पाटा-वरवंटा मांडायचा, त्याच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, ही चाल सगळ्या मुलखाची. दीक्षेनंतर आजीनं पाटा उभा करणं बंद केलं. हळद-कुंकू बंद केलं. दिवा ठेवला, कारण अंधारात बाळंतिणीला भीती वाटते. आणि कोरी वही, पेन ठेवलं. सटवाईसाठी नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली, बाळाच्या उशाशी. पहिलीत गेल्यावर ती वही त्या पोराला द्यायची. आमच्या घरातल्या सगळ्या चुलत-आत्येभावंडांची पहिली वही पाचवीची आहे. माझी मी जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर वडिलांनी तारीख घातली आहे आणि खाली मी गिरवलेला वेडावाकडा अ.

एवढं बळ होतं तिच्यात. म्हणून ती गप्प राहायची तेही बळानंच. कॉलेजात असताना मी तिच्या मागे लागलो होतो, मरीमायची गाणी सांग, टोपली उचलताना काय म्हणायच्या ते सांग. ती तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असायची, हात थांबायचे नाहीत.

‘‘तुले काय कराचं हाय त्याचं?’’

‘‘लिहून ठेवतो, आजी.’’

‘‘कायले? ते माह्या हातानं पाण्यात सोडलं. सोडलेलं मानूस पुन्हा काढते का?’’

मी म्हटलं, मी काही पूजा करणार नाही, नुसतं लिहिणार. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘बापा, तोंडानं म्हटलं म्हंजे म्हटलंच.’’ तिच्या दृष्टीनं ती गाणी गोष्टी नव्हत्या. म्हटली की देवी येते. देवी आली की टोपली आली, टोपली आली की शिव आली, आणि शिवेपलीकडे ढकललेलं ते सगळं जिणं आलं. एखाद्या कसलेल्या विद्वानालाही त्या गाण्यांची ताकद इतकी कळली नसती. माझ्यासाठी ते लोकसाहित्य होतं, तिच्यासाठी ती दिलेली जबान होती.

पण जात्यावर बसली की ती मोकळी व्हायची. आमच्याकडे गिरणी आल्यानंतरही डाळीसाठी जातं होतंच. तिची ओवी ऐकून मी मोठा झालो, आणि ती ओवी सगळी भीमाची, रमाईची. नागपूरची गाडी, पांढरं लुगडं, दीक्षाभूमीवरची धूळ, चैत्यभूमीची लाट, रमाईचं दुबळं शरीर, सगळं तिच्या ओवीत होतं. शब्द नवे, चाल जुनी. ती चाल कुठली, हे मला फार उशिरा कळलं. अचलपूरकडच्या एका गावात, दुसऱ्या जातीच्या एका म्हातारीनं मला देवीचं गाणं म्हणून दाखवलं, आणि पहिल्या ओळीच्या उचलीलाच मी ओळखलं. तोच उतार, शेवटच्या अक्षराला तोच हेलकावा. आजीनं देवी पाण्यात सोडली होती, पण जी चाल देवीपुढे म्हणायची ती बाबासाहेबांना वाहिली होती.

इजिप्तच्या ख्रिस्ती माणसांनीही नेमकं हेच केलं. जुनी लिपी टाकली, ग्रीक अक्षरं घेतली. पण आपल्या तोंडातले काही आवाज ग्रीकात नव्हते, म्हणून डेमोटिकमधली सहा-सात अक्षरं तेवढी ठेवली. भाषा तर तीच, फारोंच्या काळापासून बोलत आलेली. तिला कॉप्टिक म्हणतात. शेनुतेनं मूर्तिपूजेविरुद्ध जी आग ओकली तीही त्याच भाषेत. पुढे अरबी आली, बोलण्यातून कॉप्टिक गेली, तरी चर्चच्या प्रार्थनेत टिकली. वर्षाचे महिने अजून तोत, हथोर अशा जुन्या देवांच्या नावांनी मोजले जातात, त्यांवर शेतीची कामं चालतात, जसं आम्ही दीक्षा घेऊनही पेरणीला मृग पाहतो. सातव्या-आठव्या शतकातल्या कॉप्टिक मंत्रांत, पोटदुखीवरच्या नाहीतर बाळंतपणाच्या, अजून इसिस आणि तिचा पोर हॉरस यांची गोष्ट येते, आणि शेवटी येशूचं नाव घेऊन मंत्र पुरा होतो. आणि नेस्मेतेराखेमच्या लेखानंतर चौदाशे वर्षांनी, 1822 मध्ये, शांपोलिओनं चित्रलिपी उलगडली ती रोझेटाच्या शिळेवरून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या चिन्हांचा उच्चार त्याला सापडला तो कॉप्टिक येत होती म्हणून. ज्यांनी नेस्मेतेराखेमचे देव सोडले, त्यांच्याच प्रार्थनेनं नेस्मेतेराखेमच्या ओळींना पुन्हा आवाज दिला.

म्हणून मला वाटतं, सोडणारा माणूस नाश करणारा असतो असं समजणं चूक आहे. आमच्याकडे काही लोक हळहळ व्यक्त करतात, बौद्ध झाले आणि लोकसंस्कृती घालवून बसले. ही हळहळ मला खोटी वाटते. ज्यांनी ती टोपली कधी डोक्यावर घेतली नाही त्यांना तिच्या सौंदर्याबद्दल बोलायचा काय अधिकार? आणि दुसऱ्या बाजूला आमच्यातलेही काही जण आहेत, त्यांना या दुःखाचं नावही नको असतं. घाण होती ती गेली, म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगेन की माझी आजी घाण नव्हती, आणि जे गेलं त्यात तिच्या सासूचा आवाज होता, त्या सासूच्या आईचा आवाज होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांच्या कित्येक पिढ्यांनी जे रचलं, तेवढंच त्यांच्या नावावर होतं. ते पाण्यात गेलं. जायला हवं होतं आणि गेलं त्याचं दुःखही आहे. ही दोन्ही वाक्यं मी एकाच दमात म्हणतो, आणि दोन्ही खरी आहेत.

आमच्या पूर्णेला हे सगळं आधीही पाहावं लागलं आहे. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात भोन नावाचं गाव आहे. डेक्कन कॉलेजनं या शतकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन केलं आणि विटांचा बौद्ध स्तूप, मातीची कडी एकावर एक बसवून बांधलेल्या विहिरी, दोन हजार वर्षांपूर्वीची सबंध वस्ती बाहेर आली. म्हणजे पूर्णाकाठी एकदा बुद्ध येऊन गेला होता. मी तिथल्या टेकाडावर गेलो होतो. नांगराच्या तासात विटांचे तुकडे वर आलेले, एक उचलला तर त्यात भाताच्या तुसाचे ठसे स्पष्ट दिसत होते. त्या स्तूपाभोवती फिरणारे लोक कुठे गेले, त्यांनी बुद्ध सोडला तो कुणाच्या धाकानं की नुसता विसरून, त्यांच्या म्हाताऱ्या बायांना कोणत्या गाथा येत होत्या, यातलं एक अक्षर उरलेलं नाही. मरीमायच्या आधी इथे काय होतं ते आजीला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं नागपूरला जाऊन जे घेतलं ते तिच्याच मातीतलं होतं, हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, देव जाणे, असं म्हणायची आमच्याकडे सोय नाही. पण ती हसली असती, याची मला खात्री आहे.

भोन आता जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येतं. फिलीचं देऊळही अस्वान धरणाच्या पाण्यात वर्षातले कित्येक महिने बुडत असे. 1970 च्या दशकात युनेस्कोनं त्याचा दगड न् दगड उतरवून शेजारच्या अगिल्किया बेटावर परत उभा केला. नेस्मेतेराखेमच्या ओळी आज कोरड्या आहेत. भोनसाठी इतकी धावपळ झाली पाहिजे असं मी म्हणत राहीन.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या भीमाच्या ओव्या माझ्याकडे थोड्याशा कॅसेटवर आहेत, बाकी आत्यांच्या तोंडी. मरीमायचं एकही गाणं नाही. ते तिनं ठरवलं होतं आणि ते मी मान्य करतो.

पण सगळ्याच आज्या तिच्यासारख्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. पण ते काम मुख्यतः पुणे आणि मराठवाड्याकडचं. वऱ्हाडचा आवाज अजून विखुरलेला आहे. 1956 साली वीस वर्षांची असलेली बाई आज नव्वदीला आली आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव, अकोट, बाळापूर, या तालुक्यांतल्या वस्त्यांत अशा म्हाताऱ्या अजून आहेत, बौद्ध घरांत आहेत आणि मातंग, परीट, कुणबी, कोळी घरांतही आहेत. दिवाळीला घरी गेलात की त्यांच्यापाशी बसा. फोन त्यांना दाखवून, विचारून, मग चालू करा. गाणं कुणाकडून शिकली, कोणत्या गावची, कोणत्या कामाच्या वेळी म्हणायची, कधी सोडलं आणि का सोडलं, हे त्यांच्याच शब्दांत घ्या. वऱ्हाडी सुधारू नका. सांगायचं नाही असं त्या म्हणाल्या तर तेही लिहून ठेवा, तारखेसह, आणि पुन्हा विचारू नका. अमरावती विद्यापीठाच्या मराठी विभागाला आणि अमरावती, अकोला या दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना माझी विनंती आहे की हे काम या वर्षीच हाती घ्या.

पुढच्या वर्षी त्यांतल्या किती जणी असतील, सांगता येत नाही.